‘रिपोर्ट नॉर्मल, गोळ्या बंद’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या भजनी मंडळांच्या, महिला मंडळांच्या आणि शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा ‘झोपेत झटके येणाऱ्यांची लूट थांबवा’. खाली सही ‘एक अनुभवी वैद्य’. नाव नाही, गाव नाही, फोन नंबर नाही. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. फक्त झोपेत येणारे झटके ही मिरगी नव्हेच, तो वाताचा आणि वाईट स्वप्नांचा प्रकार. माणूस झोपलेलाच असतो, म्हणून धोका काही नाही. त्याला वेगळ्या खोलीत एकटं झोपू द्या, घरच्यांनी झोप मोडून घेऊ नये. ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) काढताना मेंदूत करंट सोडतात आणि खरे झटके त्यानंतर सुरू होतात. ईईजी नॉर्मल आला की आजार नाही हे सिद्ध झालं, गोळ्या त्याच दिवशी बंद करा. गोळ्या एकदा सुरू झाल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत. रात्रभर कॅमेरा लावून करतात ती तपासणी म्हणजे निव्वळ धंदा, मेंदूच्या लहरी हातातलं स्मार्टवॉचही सांगतं. आणि झटका आलाच तर दातांत चमचा, हातात लोखंड, नाकाला कांदा.

हा मेसेज माझ्या मावसभावापर्यंत पोचला आणि त्याने त्यातला गोळ्यांचा सल्ला खरंच अमलात आणला. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. ईईजी काढण्याचं काम करते. निदान करणं माझ्या हातात नाही, पण ते यंत्र काय करतं, काय करत नाही आणि त्याचा कागद काय सांगू शकतो हे मला ठाऊक आहे, कारण रोजचं काम तेच आहे.

‘ईईजीत मेंदूला करंट देतात’

हे आधी उरकते. डोक्याला लीड्स, म्हणजे यंत्राच्या वायरी, लावायला घेतल्या की पेशंट हाच प्रश्न विचारतात, आणि म्हातारी माणसं विचारत नाहीत पण खुर्चीचा हात घट्ट धरून बसतात. होतं ते एवढंच. केसांतला अबोलीचा गजरा काढून ठेवायला सांगतो. टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माप घेतो. त्या मापाच्या दहा-वीस टक्के अंतरांवर पेन्सिलीने खुणा करतो. प्रत्येक खुणेवर केस बाजूला करून दाणेदार जेलने कातडी जराशी घासतो, मग पेस्ट भरलेली धातूची छोटी चकती चिकटवतो. अशा साधारण एकवीस. घासताना थोडं चुरचुरतं. दुखायचं म्हणून एवढंच, आणि नंतर केस धुवावे लागतात.

वायरींमधून वीज जाते ती डोक्याकडून यंत्राकडे. मेंदूच्या पेशी रात्रंदिवस जे विजेचे संकेत निर्माण करतात ते डोक्याच्या कातडीवर पोचेपर्यंत मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतके क्षीण झालेले असतात. पन्नास मायक्रोव्होल्टची लहर धरली तर टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलच्या तीस हजारावा हिस्सा. एवढं बारीक टिपायचं म्हणून तर कातडी घासायची, पेस्ट लावायची आणि खोलीतले मोबाइल बंद करायला सांगायचे. लीड नीट बसली का हे सुरुवातीला तपासताना यंत्र जो प्रवाह वापरतं तो जाणवतसुद्धा नाही. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. यंत्रं बदलली, कागदाच्या जागी संगणक आला, तरी काम टिपण्याचंच राहिलं. शॉक देण्याचा उपचार म्हणजे ईसीटी, तो वेगळा. काही मानसिक आजारांत भूल देऊन करतात. दोन्हीकडे डोक्याला वायरी दिसतात म्हणून दोन्ही एकच समजायचे, याला काय म्हणावं?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. तपासणीत आम्ही डोळ्यांवर उघडझाप होणारा प्रकाश टाकतो, जोरजोरात श्वास घ्यायला सांगतो, कधी आदल्या रात्री जागून यायला सांगतो. यातल्या कशानेही एखाद्याला तिथेच फिट येऊ शकते. ती आधीपासून असलेल्या आजाराची फिट असते, यंत्राने दिलेला नवा आजार नव्हे, आणि आली तर सांभाळायला माणसं आणि औषध हाताशी असतात. पण म्हणूनच काणकोण किंवा पेडण्याहून रात्रभर जागून येणाऱ्याने स्वतः स्कूटर चालवत येऊ नये. बरोबर कुणीतरी हवंच.

‘ईईजी नॉर्मल म्हणजे आजार नाही, गोळ्या बंद करा’

या एका ओळीने मेसेजमधल्या बाकी सगळ्या मूर्खपणापेक्षा जास्त माणसं मोडतील. म्हणून इथे थांबून सविस्तर लिहिते.

नेहमीचा ईईजी वीस ते तीस मिनिटांचा असतो, तोही दिवसा. अपस्मार, म्हणजेच मिरगी, असलेल्या मोठ्या माणसांचा पहिलाच साधा ईईजी काढला तर त्यातल्या जेमतेम निम्म्यांच्या नोंदीत, कधी त्याहून कमी जणांच्या नोंदीत, दोष दिसतो. पुन्हा पुन्हा काढला, झोपेतला काढला, तर हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे आजार पक्का असूनही काहींचा ईईजी कितीही वेळा काढला तरी स्वच्छच येतो. चोर रात्री दोनला येतो आणि आपण सकाळी अकराला दारात वीस मिनिटं उभं राहून ‘चोर नाहीच’ म्हणून कुलूप काढून टाकतो, तसा हा सल्ला आहे.

ज्याला फिट फक्त झोपेतच येतात त्याच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. जागेपणी त्याचा मेंदू शांत असू शकतो. त्यातून फिट कपाळामागच्या भागातून उठत असेल तर तो भाग बराचसा आत, दोन अर्धगोलांच्या मधल्या घडीत दडलेला. कवटीवरच्या चकतीला संकेत मिळायचा तर मेंदूच्या पृष्ठभागाचा कित्येक चौरस सेंटिमीटरचा पट्टा एकाच वेळी पेटावा लागतो. खोलवरच्या छोट्या जागेतून निघालेला संकेत वर पोचतच नाही. आणि फिट येते तेव्हा माणूस इतका हातपाय झाडतो, जबडा आवळतो, की पडद्यावर स्नायूंच्या जाडजूड काळ्या रेघांशिवाय काही उरत नाही. अशा नोंदी मी काढल्या आहेत. समोर पलंगावर माणूस पाय झाडतोय, आणि स्क्रीनवर डॉक्टरांना दाखवण्याजोगं काही नाही.

झोपेत जोरजोरात हातपाय झाडण्याच्या या प्रकाराला आज ‘स्लीप रिलेटेड हायपरमोटर एपिलेप्सी’ म्हणतात. इटलीतल्या बोलोन्याच्या लुगारेसी आणि चिरिन्योता या डॉक्टरांनी १९८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. गंमतीची नव्हे, लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की हा अपस्मार म्हणायचा की हालचालींचा दुसरा काही विकार, यावर त्यानंतर कित्येक वर्षं वाद चालला. कारण? ईईजीत काही दिसत नव्हतं. म्हणजे मेसेजवाला जो निष्कर्ष आज ठोकून देतोय त्याच दगडाला जगातले तज्ज्ञ चाळीसेक वर्षांपूर्वी अडखळले होते, आणि तिथून पुढे गेले. झटके येत असताना घेतलेल्या नोंदी जमत गेल्या, १९९५ मध्ये याच आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारातलं जनुक सापडलं, मेंदूत दुसरा काही बिघाड नसताना होणाऱ्या अपस्माराचं सापडलेलं ते पहिलं जनुक. मग २०१४ मध्ये बोलोन्यातच तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आले. त्यात स्पष्ट म्हटलंय की दोन झटक्यांच्या मधला ईईजी असो की झटका चालू असतानाचा, त्यात ठळक काही दिसलं नाही म्हणून हा आजार नाकारता येत नाही. त्याच निष्कर्षांत निदानाच्या खात्रीच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने नीट वर्णन केलं तर शक्यता धरायची. झटक्याचा व्हिडिओ असेल तर निदान वैद्यकीयदृष्ट्या ग्राह्य. व्हिडिओ आणि ईईजी दोन्ही एकत्र नोंदले गेले आणि जुळले तर पक्कं. घरच्या माणसाने सांगितलेली हकिकत पहिल्या पायरीवर आहे, आणि कागदावरच्या ‘नॉर्मल’ला आजार खोडून काढायचा अधिकार कुठल्याच पायरीवर दिलेला नाही.

आता आमच्या घरचं. मावसभाऊ कुंडईला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. झोप लागली की तासा-दीड तासाने तो अचानक उठून बसायचा, पलंगाची दांडी दोन्ही हातांनी पकडायचा, पाय सायकल मारल्यासारखे चालायचे, घशातून एकच आवाज. मिनिटभरात सगळं शांत. वहिनीने विचारलं तर कधी नीट उत्तर द्यायचा, कधी कूस बदलून घोरायला लागायचा. काही रात्री एकदाच, काही रात्री लागोपाठ. दरवेळी अगदी तसंच. मावशीने देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नारळ दिला, कौल लावला, सगळं केलं. शेवटी वहिनीने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो पाहून न्यूरॉलॉजिस्टनी निदान केलं. एमआरआय केला, ईईजी काढला, दोन्ही नॉर्मल. ईईजीच्या रिपोर्टमध्ये ही नोंद जागेपणीची आहे, तपासणीत झोप लागली नाही आणि नॉर्मल नोंदीमुळे अपस्मार नाकारता येत नाही, हे लिहिलेलं होतं. ती ओळ सगळ्यात शेवटी असते आणि घरी कुणी वाचत नाही. कार्बामाझेपिन ही फिटची गोळी सुरू झाली, तीही कमी डोसात, रात्रीच्या वेळी, आणि रात्री शांत झाल्या.

मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर हा मेसेज आला. त्याने वहिनीला न सांगता गोळ्या सोडल्या. वहिनीला पत्ता लागला तो कपाटातली पाकिटं आहेत तेवढीच दिसल्यावर. तोवर रात्रीचे झटके परत सुरू झाले होते, आणि मग एका पहाटे झटका तेवढ्यावर थांबला नाही. सगळं अंग आखडलं, पलंगाची कड तोंडावर बसली, समोरचा दात तुटला. वहिनीने १०८ ला फोन केला आणि मग मला. पहिलं वाक्य होतं, “ताई, त्यांचा रिपोर्ट तर नॉर्मल होता ना?” तिला काय उत्तर द्यायचं होतं ते मी दिलं. मेसेज लिहिणाऱ्याला द्यायचं ते इथे देतेय.

या गोळ्या अचानक तोडल्या तर आजार आधी होता त्याहून जोराने उसळू शकतो. फिटवर फिट येऊन मधे शुद्धच न येण्याची अवस्था होऊ शकते, आणि त्यात जीव जातो. गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती आठवड्या-महिन्यांत पायरीपायरीने उतरवतात. ‘त्याच दिवशी बंद करा’ लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने वैद्य म्हणून सही करू नये. माहीत असून लिहिलं असेल तर त्याच्याबद्दल मला बोलायचंही नाही.

या मुद्द्यातलं अर्धं खरं आहे तेही सांगते, नाइलाजाने, कारण ते दडवलं तर माझ्यात आणि त्या मेसेजमध्ये फरक राहणार नाही. रात्री दचकून उठणारा, ओरडणारा, हातपाय मारणारा प्रत्येक माणूस अपस्माराचा नसतो. झोपेत चालणं, लहानपणापासून झोपेत किंचाळून उठणं हे बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, एखाद्याच वेळी, काही मिनिटं चालतं आणि दरवेळी थोडं वेगळं असतं. उतारवयातल्या पुरुषांना पहाटेच्या सुमारास स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करण्याचा विकार होतो. झोपेत श्वास अडकणारे गुदमरून उठतात. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांची साखर रात्री उतरते. आणि हेही खरं की झोपेतल्या ईईजीत निरोगी माणसाच्याही काही टोकदार लहरी दिसतात, त्यांना दोष समजून काही जणांना नको असताना वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या गेल्या आहेत. पण यातून निघतं ते ‘तपासणी नको’ असं नव्हे. यातून निघतं ते ‘नीट तपासणी हवी’ असं.

आणि ती नीट तपासणी म्हणजेच रात्रभराची व्हिडिओ ईईजी, जिला मेसेजवाला धंदा म्हणतो. कॅमेरा आणि लीड्स एकाच घड्याळावर चालतात. पेशंट झोपतो, झोपेच्या पायऱ्या उतरत जातो, आणि झटका येतो त्या क्षणी शरीर काय करत होतं आणि मेंदू काय करत होता हे शेजारी शेजारी बघता येतं. दोन मिनिटांच्या आत संपणारा, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारा, दरवेळी हुबेहूब तोच झटका दोन-तीनदा पकडला गेला की पडद्यावरची रेघ मळकट असली तरी डॉक्टरांना खूप काही कळतं. खाजगीत ही तपासणी महाग आहे, यात खोटं काही नाही, आणि सगळ्यांना ती लागतही नाही. निदान स्पष्ट असेल आणि गोळीने गुण येत असेल तर पुष्कळदा तिच्यावाचून चालतं. अडतं तेव्हा मात्र दुसरा पर्याय नसतो. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरॉलॉजी विभाग आहे. पैशांची अडचण असेल त्यांनी व्हॉट्सअॅपवर उपाय शोधण्याऐवजी आधी तिथली ओपीडी गाठावी.

‘झोपेत आली तर धोका नाही, एकट्याला झोपवा’

हे वाचून माझा संताप झाला. धोका उलट झोपेतच जास्त, कारण बघायला कुणी नसतं. अपस्मार असलेला माणूस, बाकी काही कारण नसताना, अचानक मरण पावतो असं घडतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी आणि अमेरिकन एपिलेप्सी सोसायटी यांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांत हे प्रमाण वर्षाला हजारी एक आहे. असे मृत्यू बहुतेक करून रात्री, अंथरुणात होतात आणि माणूस पुष्कळदा पालथा सापडतो. सर्वांग आखडून झटके येणाऱ्या फिट ज्यांना वारंवार येतात त्यांना धोका सगळ्यात जास्त. त्याच सूचना सांगतात की फिट आटोक्यात आल्या की धोका उतरतो, आणि अशा माणसावर रात्री कुणाची तरी नजर असेल तरी उतरतो. मेसेज नेमकं याच्या उलट सांगतोय.

ज्याचे झटके मावसभावासारखे छोटे, हातपाय झाडण्यापुरते असतात त्याला हा धोका तुलनेने कमी. घाबरवून सोडायचा माझा हेतू नाही. पण छोटा झटका मोठ्यात बदलू शकतो हे आम्ही घरात पाहिलंय. काहींना पुढे जागेपणीही फिट येऊ लागतात. झोप तुकड्यातुकड्यात झाली की दुसऱ्या दिवशी यंत्रावर काम करणाऱ्याचं लक्ष चुकतं, ते वेगळंच. तेव्हा एकटं झोपवू नका. एकाच खोलीत झोपा, पलंग कमी उंचीचा ठेवा, त्याची कड भिंतीकडे किंवा गादी जमिनीवर, जवळ टोकदार काही नको.

आणि जागरण. आपल्याकडे उत्सव म्हटला की गावच्या नाटकाच्या तालमी मध्यरात्र उलटेपर्यंत, दशावतारी काला उजाडेपर्यंत, चतुर्थीत तर भजनं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत पहाट करतात. मला हे सगळं आवडतं, आमचं अर्धं घर त्यातच असतं. पण झोप मोडणं हे फिट येण्याचं सर्वांत ओळखीचं निमित्त आहे. त्या माणसाला कालाही बघू द्या, आरतीलाही उभं राहू द्या, पण रात्र पूर्ण जागवू नका आणि त्या गडबडीत रात्रीची गोळी चुकवू नका. शिफ्ट बदलून मागायला लागली तर डॉक्टरांचं पत्र घेऊन मागा. दारूचंही तसंच. नशा उतरताना, दुसऱ्या दिवशीसुद्धा, फिट येते.

‘हा वाताचा प्रकार, मिरगी नव्हे’

आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची २०१४ ची व्याख्या साधी आहे. दुसऱ्या कुठल्या तात्कालिक कारणाशिवाय चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण पुन्हा येण्याचा संभव साठ टक्के वा अधिक आहे, तर तो अपस्मार. झोपेत की जागेपणी, असा भेद त्यात नाही. उलट मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली तर कारण शोधावं लागतं. जुना मार, पक्षाघात, गाठ, किंवा पट्टकृमीच्या अळीची मेंदूत बसलेली गाठ, जी आपल्या देशात फिटचं मोठं कारण आहे आणि अस्वच्छ पाण्या-भाजीतून शाकाहारी माणसालाही होते. वाताचं तेल चोळत बसलात तर यातलं काहीच सापडायचं नाही.

देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मावशीने नारळ दिला, मीही हात जोडले. गोळी चालू ठेवून जे करायचं ते करा.

‘गोळ्या मरेपर्यंत’

काहींना लागतात. पुष्कळांना नाही. काही वर्षं, निदान दोन, फिट न आलेल्या माणसाच्या गोळ्या उतरवायचा विचार डॉक्टर करतात. कुणाच्या उतरवता येतील हे आजाराच्या प्रकारावर ठरतं. झोपेतल्या या प्रकारात साधारण दोनतृतीयांश लोकांना गोळीने चांगला गुण येतो, बाकीच्यांचे झटके दाद देत नाहीत आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेपर्यंतचे मार्ग तपासावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान-उपचार मिळाले तर त्यांच्यातले सत्तर टक्क्यांपर्यंत फिटशिवाय जगू शकतील.

दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणणार नाही. कार्बामाझेपिनने सुरुवातीला गरगरतं, एकाचे दोन दिसतात, झोप येते, रक्तातलं सोडियम उतरतं. अंगावर पुरळ उठलं तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम तिच्यामुळे कमी होतो, हे बायकांना आवर्जून सांगितलं जायला हवं आणि पुष्कळदा सांगितलं जात नाही. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या गोळीने गर्भावर परिणाम होतो, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलायला हवं. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांवर डोस बदलतात, गोळी बदलतात. मनानेच गोळी तोडणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

चमचा, लोखंड, कांदा

चमच्याने दात तुटतात, बोट घालणाऱ्याचं बोट तुटतं. जीभ गिळली जात नाही, ती कुणाचीच गिळली जात नाही. लोखंड आणि कांदा यांनी काही होत नाही. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. करायचं एवढंच: माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याभोवतीचं सैल करा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात पाणीसुद्धा घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली, एकापाठोपाठ दुसरी आली, श्वास नीट येईना किंवा लागलं असेल, तर १०८.

स्मार्टवॉच

हातातलं घड्याळ हालचाल आणि नाडी मोजतं, काही घड्याळं घामामुळे कातडीत होणारा बदलही मोजतात. मेंदूच्या लहरी मनगटावर येत नाहीत. सर्वांगाच्या मोठ्या फिट ओळखून घरच्यांना इशारा देणारी घड्याळं आहेत हे खरं. एम्पॅटिका कंपनीच्या एम्ब्रेसला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मान्यता दिली. ज्यांना परवडतं त्यांना रात्री त्याची मदत होईल. पण तो इशारा आहे, निदान नव्हे, आणि पलंगाची दांडी धरून पाय झाडण्याचा छोटा झटका त्याच्या नजरेतून सुटू शकतो.

घड्याळापेक्षा तुमच्या उशाजवळचा साधा मोबाइल जास्त कामाचा. घरात कुणाला असं होत असेल तर व्हिडिओ काढा. लाज वाटते, त्या क्षणी सुचत नाही, हे मला कळतं, पण डॉक्टरांकडे जाताना त्याहून मोलाचं काही नाही. आधी माणूस सुरक्षित आहे ना बघा, मग दिवा लावा, पांघरूण बाजूला करा म्हणजे चारही हातपाय आणि चेहरा दिसेल. सुरुवात हुकली तर पुढचा झटका पकडा, पुष्कळदा तो त्याच रात्री पुन्हा येतो. थांबला म्हणून कॅमेरा बंद करू नका. नाव विचारा, एखादा शब्द सांगा आणि मिनिटाने तो आठवतो का विचारा, तेवढं सगळं रेकॉर्ड होऊ द्या. झोप कितीला लागली आणि झटका कितीला आला हे वहीत लिहा. जमलं तर दोन वेगवेगळ्या वेळचे व्हिडिओ ठेवा, कारण दोन्हीत तेच दिसतंय का हे डॉक्टरांना बघायचं असतं. ओपीडीला जाताना, रात्री जवळ झोपणारं माणूस बरोबर न्या, पेशंटला स्वतःला काही आठवत नसेल तर बोलायचं त्या जवळ झोपणाऱ्यालाच आहे. आणि गोळ्यांची पाकिटं न्या, संपलेली आणि न संपलेली, दोन्ही.